पक्षीनिरीक्षकांचे प्रश्न : दारी उतरलेला नवरंग

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दरवर्षी एका पक्ष्याचा उल्लेख हमखास असतो. कोणाला तो जिन्यात बसलेला दिसतो, कोणाला काचेवर आपटून पडलेला मिळतो, तर कोणाला रानात त्याचे घरटे सापडते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे एकत्र घेत आहोत, कारण त्यांतले प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हा पक्षी म्हणजे नवरंग.

प्रश्न : मी ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहते आणि हौसेने पक्षी पाहते. अभ्यासक म्हणवून घेण्याइतके माझे ज्ञान नाही, पण दुर्बीण, वही आणि सकाळचा वेळ एवढे भांडवल आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्रभर वाऱ्यासह पाऊस झाला. सकाळी गॅलरीतल्या कुंड्या सरळ करायला गेले, तेव्हा तुळशीच्या कुंडीमागे भिंतीला टेकून एक पक्षी बसलेला दिसला. पाठ हिरवी, छाती बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला रुंद काळा पट्टा आणि खांद्यावर चमकणारा निळा ठिपका. नवरंग ओळखायला मला पुस्तक उघडावे लागले नाही, पण तो आपल्या गॅलरीत आहे यावर विश्वास बसायला वेळ लागला. मी दोन हातांवर उभी होते, तरी तो हलला नाही. त्याच्या चोचीला ओला चिखल लागला होता, श्वासाबरोबर छातीवरची पिसे वरखाली होत होती आणि मधूनमधून डोळ्यावर एक पांढुरका पडदा आडवा सरकून पुन्हा मागे जात होता. बऱ्याच वेळाने तो उठला, लांब पायांवर दोन उड्या मारून पुढे आला, कुंडीतले एक वाळके पान त्याने चोचीने उलटले आणि शेपटी खाली-वर केली. तेव्हा तिच्याखालचा किरमिजी रंग मला पहिल्यांदा दिसला. शेजारच्यांनी त्याच्या चोचीत पाणी घालावे, पिंजरा आणून ठेवावा, असे सुचवले. मी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. गॅलरीचे दार लावून घेतले आणि आतून पाहत राहिले. ऊन वर आल्यावर तो कठड्यावर चढला आणि कुंपणालगतच्या झाडीत खाली उतरला. माझे प्रश्न असे : जंगलातला हा पक्षी इमारतीत का आला? मला तो घाबरला कसा नाही? मी काहीच न करणे योग्य होते का? आणि तो आता कुठे गेला असेल?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपण वर्णन इतके नेमके केले आहे की ओळखीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तारीख, वेळ आणि आदल्या रात्रीचे हवामान या तीन गोष्टी आपण नोंदवल्या, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आले आहे.

नवरंग हा आपल्याकडे बारमाही राहणारा पक्षी नाही. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो, आणि विणीसाठी उत्तरेकडे येतो. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा, मध्य भारतातील डोंगराळ जंगले आणि पश्चिम घाटाचा कर्नाटकापर्यंतचा भाग हे त्याचे विणीचे प्रदेश आहेत. महाराष्ट्रात मेळघाटापासून कर्नाळ्यापर्यंत आणि आपल्या घरामागच्या येऊरच्या जंगलातही तो पावसाळ्यात वीण करतो. मुंबई-ठाण्याच्या परिसरात त्याचे आगमन साधारणपणे मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला होते, म्हणजे पावसाच्या बरोबरीने किंवा किंचित आधी. हा योगायोग नव्हे. नवरंग आपले जवळजवळ सगळे अन्न जमिनीवरून मिळवतो. पालापाचोळा उलटून त्याखालचे किडे, अळ्या, गांडुळे, गोगलगायी तो टिपतो. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत असलेली आपली पानझडी जंगले पहिल्या पावसानंतर अशा जिवांनी भरून जातात, आणि पिल्लांना दिवसभर भरवण्याइतके अन्न त्याच काळात मिळते.

हा सारा प्रवास तो रात्री करतो. लहान पक्ष्यांपैकी अनेक जाती रात्रीच स्थलांतर करतात, कारण रात्री हवा थंड आणि तुलनेने शांत असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा मिळतो. दिशा ठरवण्यासाठी रात्रीचे प्रवासी पक्षी तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांचा आधार घेतात. आता जूनमधली वादळी रात्र डोळ्यांसमोर आणावी. ढग खाली आलेले, तारे दिसत नाहीत, वारा समोरून किंवा बाजूने, पिसे भिजलेली, आणि खाली एका महानगराचा उजेड ढगांवरून परत फेकला जात आहे. अशा वेळी पक्षी खाली येतात, दिव्यांच्या भोवती घुटमळतात आणि शक्ती संपली की मिळेल तिथे उतरतात. साठ ग्रॅमच्या आत-बाहेर वजन, आखूड शेपटी, गोलसर अंग असलेला हा पक्षी दूरच्या प्रवासाला निघताना अंगात साठवलेल्या चरबीवर उडत असतो, आणि वादळाने वाट लांबली की ती शिदोरी वाटेतच संपते. म्हणूनच नवरंग मे-जूनमध्ये आणि परतीच्या वेळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरांत, शाळांच्या व्हरांड्यांत, दुकानांच्या पायऱ्यांवर सापडतो, आणि मधल्या काळात, तो खरोखर भरपूर असतानाही, असा कोणाला सापडत नाही.

तो आपल्याला घाबरला नाही, हा समज मात्र मी सोडून देण्याची विनंती करीन, आणि हे मी आग्रहाने लिहीत आहे, कारण याच समजातून पुढच्या सगळ्या चुका होतात. निरोगी नवरंग माणसाला दोन हातांवर येऊ देत नाही. रानात तो बहुतेकदा ऐकू येतो आणि क्वचित दिसतो. दिसला तरी चार उड्यांत झुडपाआड जातो. जो पक्षी हलत नाही, त्याच्याकडे हलण्याइतकी ताकद नसते, किंवा उरलेली ताकद राखून ठेवण्यासाठी तो निश्चल राहतो. आपल्या बाजूने ती अपूर्व भेट असते आणि त्याच्या बाजूने ते संकट असते. तो शांत दिसतो, पण त्या शांतपणाखाली हृदय वेगाने धडधडत असते, आणि वन्य पक्षी पकडण्याच्या, हाताळण्याच्या नुसत्या ताणाने मरू शकतात. मोबाइल घेऊन जवळ सरकणारी माणसे, उचलून घेणारी मुले, कौतुकाने पाठीवरून फिरवलेला हात, या प्रत्येक गोष्टीची किंमत तो पक्षी मोजतो. फोटो हवाच असेल तर दाराच्या फटीतून, फ्लॅश न वापरता, एक-दोन घ्यावेत आणि दार लावावे.

तेव्हा आपण काहीच केले नाही असे कृपया म्हणू नका. दार लावून माणसांना बाहेर ठेवणे हीच त्या वेळी करण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट होती. चोचीत पाणी घातले नाही हेही फार चांगले केले. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. वरून ओतलेले पाणी सहज फुप्फुसाकडे जाते आणि वाचू शकणारा पक्षी गुदमरून जातो. भाताची शिते, पाव, दूध यांतले काहीही त्याला देऊ नये. फार तर एका उथळ बशीत थोडे पाणी जवळ ठेवावे आणि ते प्यायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे.

गॅलरी सुरक्षित नसेल, म्हणजे मांजर असेल, कावळे जमले असतील, किंवा पक्षी रस्त्यावर पडलेला असेल, तरच त्याला उचलावे. त्यासाठी मऊ कापड त्याच्यावर अलगद टाकावे, पंख अंगाशी मिटलेले राहतील अशा बेताने दोन्ही हातांनी उचलावे आणि बुटांच्या खोक्याएवढ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. खोक्याला आधीच हवेसाठी भोके पाडलेली असावीत आणि तळाशी कापड किंवा कागद अंथरलेला असावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. पिंजरा टाळावा, कारण पिंजऱ्याच्या गजांवर धडका मारून पक्षी पिसे मोडून घेतो, आणि उजेडात त्याला सगळी माणसे दिसत राहतात. अंधार हे अशा वेळचे उत्तम औषध आहे. खोके शांत जागी तासाभरासाठी ठेवावे, सारखे उघडून पाहू नये, आणि आतून खुडबूड ऐकू येऊ लागली की जिथे सापडला त्याच परिसरातल्या झुडपांजवळ नेऊन झाकण उघडावे. त्याला हवेत उडवू नये. तो स्वतःहून बाहेर येईल. संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर खोक्यात राहू द्यावे आणि उजाडताच सोडावे. एक पंख लोंबत असेल, चोचीतून रक्त येत असेल, पक्षी एका कुशीवर पडत असेल किंवा दोन-तीन तासांनंतरही उभा राहत नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरी ठेवून बरे करण्याच्या भरीस पडू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी बाळगणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

तो कुठे गेला, याविषयी. आपल्या घरामागचे जंगल हे त्याच्या विणीचे ठिकाण आहे. तेव्हा तो तिथेच थांबला असण्याची शक्यता आहे, तशीच एक-दोन दिवस खाऊन पुढे निघून गेला असण्याचीही. अंगावर खुणेची कडी नसलेला एकटा पक्षी पुन्हा ओळखता येत नाही. पण आपण जूनमध्ये पहाटे येऊरच्या वाटेवर गेलात तर दोन सुरांची, पहिला सूर चढता आणि दुसरा उतरता, अशी खणखणीत शीळ ऐकू येईल. फांदीवर बसून, डोके मागे टाकून नर ती घालतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते त्याहून तो बराच दूर असतो. आवाज येतो त्या दिशेला घुसण्याऐवजी वाटेच्या कडेला एका जागी बसावे. नवरंग पाहण्याची माझ्या मते हीच एक बरी रीत आहे. बसणाऱ्याला तो दिसतो, शोधणाऱ्याला सहसा नाही.

प्रश्न : आमच्या कार्यालयाची इमारत पुण्यात टेकडीलगत आहे आणि तिला बाहेरून पूर्ण काच आहे. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी तिथे नवरंग मृतावस्थेत सापडला. सुरक्षारक्षकाने सांगितले की असे पक्षी अधूनमधून सापडतात. एका सहकाऱ्याने काचेवर घारीचे मोठे चित्र चिकटवले आहे. त्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एका चित्राचा उपयोग जवळजवळ होत नाही. पक्ष्याला काच दिसत नाही. त्याला दिसते ते काचेत पडलेले टेकडीचे आणि आभाळाचे प्रतिबिंब, किंवा काचेपलीकडची कुंडीतली झाडे. घारीचे चित्र त्याला घार वाटत नाही, नुसता एक अडथळा वाटतो, आणि तो टाळून तो शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. उपाय करायचा तर संपूर्ण काचभर करावा लागतो. ठिपके, उभ्या पट्ट्या किंवा दोऱ्या अशा लावाव्यात की दोन खुणांमध्ये सुमारे पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा राहणार नाही, आणि त्या काचेच्या बाहेरच्या बाजूने लावाव्यात, कारण आतून लावलेल्या खुणा प्रतिबिंबाखाली झाकल्या जातात. साऱ्या इमारतीला हे करणे शक्य नसेल तर झाडांसमोरच्या खालच्या दोन-तीन मजल्यांपासून सुरुवात करावी; नवरंगासारखे जमिनीलगत वावरणारे पक्षी दिवसा तिथेच आपटतात.

दुसरी गोष्ट दिव्यांची. रिकाम्या कार्यालयात रात्रभर जळणारे दिवे आणि इमारतीवर खालून वर सोडलेले प्रकाशझोत स्थलांतराच्या दिवसांत बंद ठेवावेत. ढगाळ रात्री हे विशेष गरजेचे आहे. याला खर्च नाही, उलट विजेचे बिल कमी होते, आणि व्यवस्थापनाला पटवायला हा मुद्दा कामी येतो. सुरक्षारक्षकाला मात्र विसरू नका. पक्षी कोणत्या बाजूला, किती वाजता, कोणत्या तारखेला सापडले, हे इमारतीत फक्त त्यालाच माहीत असते. त्याला एक वही द्यावी. एका हंगामाच्या नोंदींतून कोणती काच घातक आहे हे स्पष्ट होईल.

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका गावात राहतो आणि छायाचित्रणाचा छंद आहे. गेल्या पावसाळ्यात ओढ्याकाठी नवरंगाचे घरटे सापडले होते. यंदा तिथेच पुन्हा जोडी दिसते आहे. छप्पर उभारून, पुरेशा अंतरावरून पिल्लांना भरवतानाची छायाचित्रे घ्यावीत असे मनात आहे. शहरातून काही मित्रही यायचे म्हणतात. नवरंग बाहेर यावा म्हणून ते मोबाइलवर त्याची शीळ वाजवतात. यात पक्ष्याला त्रास होऊ नये यासाठी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण त्रास होऊ नये या काळजीने विचारले आहे, म्हणून तितक्याच स्पष्टपणे उत्तर देतो : घरट्याची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि मित्रांना घरट्याचे ठिकाण सांगू नये.

नवरंगाचे घरटे कसे असते ते आपण पाहिलेच आहे. वाळकी पाने, गवत, काटक्या यांचा एक ओबडधोबड गोळा, बाजूला गोल तोंड, आणि तो जमिनीवर किंवा हाताच्या उंचीवरच्या फांदीत. आत चार-पाच गोलसर, चकचकीत पांढरी, जांभळट ठिपक्यांची अंडी असतात. या घरट्याला उंचीचे संरक्षण नाही, काट्यांचे नाही, ढोलीचे नाही. त्याचे सगळे संरक्षण एवढेच की आजूबाजूच्या पाचोळ्यात ते पाचोळ्यासारखे दिसते. माणूस तिथे चार वेळा गेला की गवत दबते, पायवाट पडते, वास राहतो. मुंगूस, मांजर, साप आणि कावळा यांना वाट दाखवायला एवढे पुरे होते. छायाचित्रकार परत जातो, तेव्हा घरटे शाबूत असते, आणि म्हणूनच आपल्यामुळे काही बिघडले नाही असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. जे व्हायचे ते तो गेल्यानंतर होते. छप्पर उभारल्याने आपण दिसत नाही इतकेच. छप्पर उभारताना तोडलेल्या फांद्या आणि तुडवलेली जमीन दिसतेच. भरवायला येणारा पक्षी चोचीत गांडुळे घेऊन संशयाने दूर फांदीवर थांबून राहिला, तर मुसळधार पावसात भुकेल्या पिल्लांचा तेवढा वेळ गेला. अर्ध्या दिवसात असे किती वेळा घडते, हे कॅमेऱ्यामागून मोजले जात नाही.

शिळेच्या ध्वनिमुद्रणाबद्दल. विणीच्या दिवसांत नर शीळ घालतो ती आपल्या हद्दीची दवंडी असते. मोबाइलवरची शीळ ऐकून तो बाहेर येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे त्याला वाटते. तो घरटे, मादी, अन्न सोडून त्या अदृश्य प्रतिस्पर्ध्याचा शोध घेत फिरतो. एकदा वाजवली तर थोडा वेळ वाया गेला. पण प्रत्येक शनिवार-रविवारी नवी मंडळी येऊन वाजवू लागली तर त्या जोडीचा हंगामच जातो. हंगाम तरी केवढा! पावसाच्या मोजक्या आठवड्यांत अंडी, पिल्ले, त्यांचे उडायला शिकणे आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवणे, एवढे सगळे उरकायचे असते.

कायद्याचेही भान असावे. १९७२ च्या अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना इजा करणे आणि त्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे. शिवाय आज अनेक छायाचित्र स्पर्धा आणि पक्षीविषयक प्रकाशने घरट्यांची छायाचित्रे स्वीकारत नाहीत. हे सदरही स्वीकारत नाही.

आपल्याकडे मात्र शहरातल्या मित्रांकडे नसलेली एक संधी आहे. आपण त्याच गावात राहता. ओढ्यापासून लांब, जिथे नवरंग चरायला येतात अशी पाचोळ्याची जागा आपल्याला ठाऊक असेल. तिथे पहाटे झाडाला टेकून बसावे. पाने उलटणारा, गांडूळ ओढून काढणारा नवरंग भरवणाऱ्या नवरंगापेक्षा छायाचित्रात कमी सुंदर दिसत नाही. आणि त्या ओढ्याकाठी पहिली शीळ कधी ऐकू आली, शेवटची कधी, पिल्ले घेऊन फिरणारी जोडी कधी दिसली, याच्या नोंदी आपण काही वर्षे ठेवल्यात तर त्या अभ्यासकांना कोणत्याही छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगी पडतील. पहिल्या पावसाची तारीख शेजारी लिहायला विसरू नका.

प्रश्न : मी नववीत शिकते. नवरंगाच्या अंगावर एवढे भडक रंग असतात, तर तो शिकारी प्राण्यांना पटकन दिसत नाही का? आणि पक्ष्यांच्या पिसांत निळा रंग कुठून येतो?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नवरंगाचे चित्र आपण पुस्तकात पाहतो तेव्हा तो पांढऱ्या कागदावर, भरपूर उजेडात आणि एका बाजूने दिसतो. रानात तो दाट झाडांखाली ओल्या पाचोळ्यावर असतो. तिथे उजेड मुळात कमी, आणि जो येतो तो पानांतून गाळून, तुकड्या-तुकड्यांनी येतो. वरून पाहणाऱ्या शिकरा पक्ष्याला दिसते ती हिरवी पाठ; सर्वांत भडक असा किरमिजी रंग पोटाखाली आणि शेपटीखाली झाकलेला. डोळ्यावरचा काळा पट्टा डोळाच लपवतो. नवरंग उडतो तेव्हा पंखातला पांढरा डाग आणि निळी झळाळी एकदम चमकते, आणि तो खाली उतरताच दोन्ही मिटतात. पाठलाग करणाऱ्याची नजर त्या चमकेला शोधत राहते.

निळ्या रंगाचे उत्तर अधिक रंजक आहे. पक्ष्यांच्या पिसांत निळे रंगद्रव्य जवळजवळ नसतेच. पिसाच्या बारीक तंतूंत, नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच केराटिनची एक अतिसूक्ष्म जाळी असते आणि तिच्यात हवेच्या पोकळ्या असतात. त्यांची रचना अशी असते की प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फेकला जातो. उरलेला प्रकाश तिच्यामागचा काळपट मेलॅनिनचा थर शोषून घेतो. काळ्या-तपकिरी छटा मात्र मेलॅनिन या खऱ्या रंगद्रव्याच्या असतात, आणि अनेक पक्ष्यांतला लाल-पिवळा रंग अन्नातून मिळालेल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो. तुला शेताच्या बांधावर नीलपंखाचे गळलेले निळे पीस सापडले, तर ते आधी उन्हाकडे पाठ करून बघ आणि मग सूर्याच्या दिशेने धरून बघ. दुसऱ्या वेळी निळा रंग नाहीसा होऊन ते मळकट दिसेल. पाहून झाल्यावर पीस तिथेच ठेवून दे.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. बुलबुल, दयाळ यांसारखे गाणारे पक्षी आपले गाणे मोठ्यांचे ऐकून शिकतात. नवरंगाचे कूळ त्यांच्यापासून फार पूर्वी वेगळे झाले. त्याची दोन सुरांची शीळ त्याला शिकावी लागत नाही. ती त्याच्यात जन्मजातच असते.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त चेन्नईत अडयार भागात राहतो. मागच्या अंगणात थंडीच्या दिवसांत नवरंग येतो आणि रोज संध्याकाळी अंधार पडता पडता ओरडतो. शेजारी त्याला सहाच्या ठोक्याचा पक्षी म्हणतात. तो दरवर्षी येणारा पक्षी एकच असेल का? त्याला काही खायला ठेवावे का?
— एक वाचक, चेन्नई

उत्तर : तमिळमध्ये त्याला आरुमणिक्कुरुवी, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, असेच म्हणतात आणि ते निरीक्षण अचूक आहे. हिवाळ्यातही तो पहाटे आणि तिन्हीसांजेला शीळ घालतो. आपल्याकडे तो वीण करत नाही, पण चरण्याची आपली जागा राखतो, आणि दुसऱ्या नवरंगाला तिथे फिरकू देत नाही. दरवर्षी येणारा पक्षी एकच आहे की नाही हे पायात कडी घातल्याशिवाय सिद्ध होत नाही. कडी घालण्याचे काम परवाना असलेले अभ्यासकच करतात. पण आपल्या अंगणात त्याला जे हवे ते मिळते आहे, हे नक्की.

काय हवे, तर पडलेली पाने. खायला काहीही ठेवू नये. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर येणारे नवरंगही पाहिले गेले आहेत, पण खरकट्यामागोमाग कावळे, घुशी आणि मांजरे येतात, आणि जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्याला मांजर हा सर्वांत मोठा धोका आहे. त्याऐवजी अंगणाचा एक कोपरा ऑक्टोबर ते एप्रिल झाडू नये, पाने जाळू नयेत, कीटकनाशके फवारू नयेत, आणि झुडपांखाली जमीन ओलसर राहील एवढे पाणी घालावे. घरचे मांजर असेल तर ते पहाटे आणि संध्याकाळी आत ठेवावे.

चेन्नईतला हिवाळी पाहुणा आणि ठाण्याच्या गॅलरीत उतरलेला थकलेला प्रवासी एकाच वाटेवरचे असतात. तेव्हा वसंतात आपल्या अंगणातली शीळ कोणत्या तारखेपासून ऐकू येईनाशी झाली, तेवढे आम्हाला जरूर कळवा. त्या तारखेच्या शेजारी आम्ही ठाणे, पुणे आणि चिपळूण येथील वाचकांनी कळवलेल्या पहिल्या आगमनाच्या तारखा छापू.